माझा कान दुसऱ्याच्या सुरामागे धावतो

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ६३ वर्षांची, मूळची साताऱ्याची, बँकेतून निवृत्त झालेली. यजमान गेल्यावर लेकीकडे इंग्लंडला आले, त्याला आता चार वर्षं झाली. नातीला शाळेत रेकॉर्डर शिकवत होते. तिला सोबत म्हणून मीही हातात घेतला. तिने दीड वर्षात सोडला, माझा सुटला नाही. लहानपणी गांधर्वच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, पेटीवर भजनं वाजवायची सवय होती, त्यामुळे बोटं लवकर बसली. पाच रेघांवरचं लिखाण वाचायला मात्र अजून वेळ लागतो.

इथल्या वाचनालयात एका मंडळाचा कागद लावलेला दिसला. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस हौशी माणसं लहानमोठे रेकॉर्डर घेऊन जमतात आणि चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचं संगीत वाजवतात. मी तीनदा गेले. तिन्ही वेळा तेच झालं. थोडा वेळ नीट चालतं, मग शेजारचा सूर कानात शिरतो आणि माझी बोटं त्याच्यामागे जातात. भानावर येते तोवर कागदावर आपण कुठे आहोत तेच कळत नाही. मागच्या वेळी सगळे थांबले होते तिथे मी एकटीच वाजले. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिलं. परतताना गाडीत रडू आलं. लेक म्हणाली, "आई, एवढं मनाला लावून घेतेस तर सोड ना."

सोडावं का? की चांगला लाकडी रेकॉर्डर घेतला तर फरक पडेल? आणि मला भराभर वाचता येत नाही, हे त्यांना सांगावं का? दर वेळी जावयांना रविवारची दुपार खर्च करून मला पोचवावं लागतं, त्याचाही संकोच वाटतो.

— एक आजी, बर्कशायर

उत्तर

प्रिय ताई,

सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

दुसऱ्याच्या सुराकडे कान धावतो, याला तुम्ही खोड समजता आहात. मी अशाच एका मंडळात बरीच वर्षं वाजवते आहे, त्या अनुभवावरून सांगते: तो कान ही तुमची सगळ्यात मोठी पुंजी आहे. त्याला फक्त एक नवी सवय लावायची आहे. ती कशी, ते सविस्तर लिहिते.

त्याआधी इतर वाचकांसाठी दोन ओळी. रेकॉर्डर म्हटलं की आपल्याला कॅसेटचा टेपरेकॉर्डर आठवतो. हा रेकॉर्डर म्हणजे सरळ धरून वाजवायचा पावा. तोंडाशी शिट्टीसारखी फट, पुढे सात भोकं आणि मागे अंगठ्याचं एक. तो वेगवेगळ्या मापांत मिळतो. शाळेत मुलांच्या हाती असतो तो छोटा डेस्कंट, त्याहून मोठा ट्रेबल, मग टेनर, मग बास. ही भावंडं एकत्र वाजली की चार-पाच आवाजांचं संगीत उभं राहतं. सोळाव्या शतकात युरोपभर हे वाद्य होतं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १५४७ मध्ये वारला तेव्हा त्याच्या सामानाच्या यादीत ७६ रेकॉर्डर निघाले. पुढे अठराव्या शतकात वाद्यवृंद मोठे झाले, आडव्या बासरीचा आवाज जास्त पोचू लागला आणि रेकॉर्डर मागे पडला, तो जवळजवळ दीडशे वर्षं.

आता तुमच्या कानाकडे येते.

आपण गाणं शिकतो ते ऐकून. गुरुजी म्हणतात, आपण मागून म्हणतो. सूर कुठे चालला आहे तिकडे कान लावून ठेवायचा आणि गळ्याने किंवा बोटांनी त्याच्यामागे जायचं, हेच तर आपलं शिक्षण. पेटीवर साथ करताना तुम्ही हेच केलंत. बुवांनी ओळ उचलली की बोटं आपोआप तिकडे. बरं, आपल्या संगीतात एका वेळी चाल एकच असते. तंबोरा, तबला, पेटी, टाळ, सगळे तिच्याभोवती. त्यामुळे ऐकणं आणि मागे जाणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे कधी जाणवतच नाही.

त्या हॉलमध्ये मात्र एका वेळी चार चाली चालू असतात. समजा, १५९९ मध्ये छापलेल्या अँथनी होलबोर्न या इंग्लिश रचनाकाराच्या संग्रहातला एखादा पव्हान, म्हणजे संथ नाचाची चाल, लागला आहे. त्यात तर पाच ओळी असतात. वरच्या ओळीने एक तुकडा म्हटला की दोन मात्रांनी तोच तुकडा तिसरी ओळ उचलते, मग दुसरी. तुमचा कान लगेच ओळखतो, 'अरे, ही तर मघाचीच ओळ!' आणि निघतो तिच्यामागे. शेजारी बसलेल्या अनेकांना तो तुकडा तिकडे गेला हे ऐकूही येत नाही. त्यांचे डोळे कागदावर खिळलेले असतात. ते चुकत नाहीत, पण ऐकतही नाहीत. तुम्ही ऐकता. आता ऐकूनही जागेवर राहायचं, एवढंच शिकायचं आहे.

त्यासाठी घरी करण्यासारखं सांगते. फोनवर तंबोरा लावा. तुमच्या ओळीचा कागद समोर ठेवा आणि रेकॉर्डर बाजूला ठेवून ती ओळ आधी गा. सरगमात गा. तुकडा शेवटी ज्या सुरावर टेकतो, सगळ्यात खालच्या आवाजाचा तो सूर 'सा' धरा. चार दिवसांत ती ओळ तुमची होईल. कागदावरचे ठिपके राहणार नाहीत, चाल होईल, आणि चाल तुम्ही विसरणार नाही. मग नातीला हाताशी धरा. तिने सोडला असला तरी दोन-चार ओळी तिला येत असतील. तिला तिची ओळ वाजवू दे, तुम्ही त्याच वेळी तुमची गा. पहिल्यांदा वाहवत जाल. जाऊ द्या. पाचव्या-सहाव्या वेळेला एक क्षण असा येईल की तिचा सूर आणि तुमचा सूर दोन्ही एकदम ऐकू येतील आणि तरी तुम्ही तुमच्याच ओळीवर असाल. तो क्षण नीट लक्षात ठेवा, बाकीचं काम तोच करून घेतो. आमच्या गोव्याच्या वाचकांना हे सांगावं लागणार नाही. मांडो दोन आवाजांत म्हणताना खालचा आवाज वरच्याला धरून तरी आपल्याच वाटेने जातो, ते त्यांनी घरातच ऐकलेलं असतं.

एक सावधगिरी. मध्येच एखादा सूर कोमल किंवा तीव्र झाला तर लगेच नवा 'सा' शोधायला जाऊ नका. या संगीतात मुक्काम थोडा वेळ दुसरीकडे हलतो आणि परत येतो. आपण घरच्या 'सा'वरच बसून राहायचं.

दुसरी अडचण ठेक्याची. तुम्ही ती लिहिली नाहीत, पण सगळे थांबलेले असताना तुम्ही वाजलात, याचं मूळ तिथेच आहे. आपल्याकडे गाणारा थांबला तरी तबला थांबत नाही. आपण कुठे आहोत ते ठेका सांगत राहतो, सम आली की डोकं आपोआप हलतं. इथे ठेका धरणारं कोणी नसतं. समोर हात हलवणारा असतो, पण आपले डोळे कागदात. म्हणजे ठेका पोटातच ठेवावा लागतो, आणि मौनाच्या मात्राही वाजवल्यासारख्याच मोजाव्या लागतात. मी बुटातल्या बुटात अंगठा दाबून मोजते. पाय आपटायचा नाही, लाकडी जमिनीवर तो सगळ्यांना ऐकू जातो. जिथे मौन आहे तिथे पेन्सिलीने मात्रांचे आकडे लिहून ठेवा, १ २ ३ ४, सरळ देवनागरीत. माझे कागद असेच भरलेले असतात.

पव्हानच्या जोडीला बहुधा गॅलियार्ड हा चपळ नाच येतो. तो तीनच्या चालीत असतो, अंगाने आपल्या दादऱ्यासारखा, सहा मात्रा, तीन-तीन. पण तुकडा संपत आला की या लोकांना एक लहर येते: त्याच सहा मात्रा दोन-दोन-दोन अशा पडायला लागतात. कागदावर काहीच बदललेलं दिसत नाही, फक्त सूर लांबआखूड होतात. पहिल्यांदा वाजवताना मला वाटलं, सगळे चुकले. तबल्याची थोडी सवय असलेल्या माणसाला हे एकदा सांगितलं की पुरतं. टाळी देऊन पाहा, सहा मात्रा आधी तीन-तीन आणि मग दोन-दोन. पुढच्या वेळी ती जागा आली की तुम्हाला हसू येईल.

आणि हरवलात तर? हरवणारच. मी आजही हरवते. पव्हान आणि गॅलियार्ड यांची बांधणी इथे फार उपयोगी पडते. बहुतेकांत तीन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. त्यामुळे पहिल्या फेरीत सुटलं तर वाजवणं थांबवा, बोटं कागदाप्रमाणे नुसती हलवत राहा आणि भागाचा शेवट ऐका. तिथे सगळे आवाज एका ठिकाणी येऊन बसतात. तुमच्या कानाला ते न चुकता कळेल, कारण ते समेवर येण्यासारखंच आहे. मग दुसऱ्या फेरीच्या पहिल्या सुराला आत शिरा. होलबोर्नच्या काळात वाजवणाऱ्यांपुढे फक्त स्वतःची ओळ असायची आणि तीत मात्रांचे उभे रकानेसुद्धा पाडलेले नसायचे. ती माणसं एकमेकांना ऐकूनच परत जागेवर येत असणार.

आता ज्यासाठी मी तुम्हाला सोडू नका म्हणते आहे, ते.

आमच्या मंडळात एका हिवाळ्यात पव्हानचा शेवटचा सूर काही केल्या बसत नव्हता. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. ज्यांच्याकडे सूर दाखवणारी यंत्रं होती, त्यांचे काटे मधोमध होते. तरी आवाज थरथरत होता, माशी घोंगावल्यासारखा. मी टेनरवर होते आणि माझ्या वाट्याला त्या स्वरसमूहातला गंधार होता. मला तो टोचत होता. लहानपणी तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ज्याने ऐकला आहे, त्याला पेटीचा गंधार चढा लागतो. तुम्हालाही लागत असेल. तो खरोखरच चढा असतो, अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या भागाइतका. पियानोचं आणि त्या यंत्रांचंही तेच. मी फुंकर किंचित कमी केली. रेकॉर्डरवर फुंकर कमी केली की सूर उतरतो. यंत्राचा काटा डावीकडे सरकला असणार. पण घोंगावणं थांबलं. आणि खालून, कोणीच वाजवत नसलेला, खर्जाचा 'सा' उमटला.

हा भास नव्हे. 'सा' आणि शुद्ध गंधार अगदी अचूक जुळले की त्यांच्या कंपनांमधल्या फरकाचा एक तिसरा सूर कानाला ऐकू येतो, आणि तो असतो दोन सप्तकं खालचा 'सा'. रेकॉर्डरचा आवाज साधा आणि स्वच्छ असल्यामुळे तो या वाद्यांत फार स्पष्ट येतो. संचालिका बाईंनी हात वरच धरून ठेवला. कोणी श्वास संपेपर्यंत सोडलं नाही. मग त्यांनी विचारलं, "कोणी काय केलं?" मी सांगितलं. तेव्हापासून शेवटचा सूर लावायचा झाला की आमच्याकडे गंधारवाल्यांना आधी माझ्याकडे बघायला सांगतात.

तुमच्या दोन परीक्षा, तुमची भजनं, तंबोऱ्यापाशी बसून गेलेलं लहानपण, हे सगळं त्या हॉलमध्ये उपयोगाचं आहे. ते इंग्रजीत कसं सांगायचं, याची काळजी करू नका. वाजेल तेव्हा कळेल.

म्हणून माझी पहिली सूचना: टेनर घ्या. सध्या तुम्ही डेस्कंट वाजवता, म्हणजे सगळ्यात वरची, सगळ्यांना ऐकू जाणारी ओळ. नवख्या माणसाला तीच दिली जाते, कारण शाळेतला रेकॉर्डर तोच असतो. पण चुकली की लपत नाही, आणि वरचे सूर कर्कश लागले की वाजवणाऱ्याचा धीर आधी सुटतो. टेनरची बोटं डेस्कंटसारखीच, वाचनही तेच, फक्त आवाज एक सप्तक खाली. ओळ बऱ्याचदा संथ असते, आणि चारही बाजूंचं ऐकू येतं. तुमच्यासारख्या कानाला बसायला ती योग्य जागा. काही मंडळांकडे उसने द्यायला वाद्यं असतात, विचारा. भोकं लांब-लांब असतात. हात लहान असेल किंवा बोटांचे सांधे धरत असतील तर खालच्या भोकांना चाव्या असलेला मागा.

ट्रेबल पुढे कधीतरी. त्यावर सगळी भोकं बंद केली की डेस्कंटसारखी पांढरी एक येत नाही, पांढरी चार येते. इथल्या लोकांना हे शिकताना फार जड जातं. तुम्ही आयुष्यभर पेटीवर आज काळी एक, उद्या पांढरी चार असा 'सा' हलवत आलात. बोटांना ते लवकर पटेल, डोळ्यांना जरा वेळ लागेल.

लाकडी रेकॉर्डर आत्ता घेऊ नका. यामाहा किंवा ऑलोसचा प्लॅस्टिकचा चांगला असतो, सुरात असतो, धुता येतो. नवं लाकूड हळूहळू सरावाला लावावं लागतं, तेल द्यावं लागतं, ते व्याप मागे लागतात. मंडळात बावरलेल्या माणसाला वाद्याचीही काळजी नको. जानेवारीतल्या गार हॉलमध्ये फटीत वाफ जमून आवाज बसतो, त्यासाठी वाजवण्याआधी रेकॉर्डरचं डोकं काखेत किंवा कोटाच्या आत धरून गरम करा. फटीत भांड्यांच्या साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडून वाळवला तरी पाणी धरत नाही.

त्या वळून पाहणाऱ्या गृहस्थांबद्दल. ते रागावले होते की नाही, तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. पण ती नजर कशी लागते, हे मला माहीत आहे. मी सुरुवातीला ज्या मंडळात जात होते, तिथे एकाने मला चहाच्या वेळी सरळ सांगितलं होतं की हे तुमच्यासाठी नाही. मी सात महिने पेटीवरसुद्धा हात ठेवला नाही. मग दुसऱ्या गावच्या मंडळात गेले. तिथे पहिल्याच दिवशी शेजारच्या आजोबांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं आणि तुकडा संपेपर्यंत स्वतःची ओळ सोडून माझी ओळ दाखवत राहिले. त्या सात महिन्यांची मला आजही हळहळ वाटते. म्हणून तुम्ही पुढच्या वेळी त्या गृहस्थांच्या शेजारी जाऊन बसा. "माझं कागदावरचं बोट सुटतं, मला खूण कराल का?" असं विचारा. दहापैकी नऊ माणसं याला हो म्हणतात आणि मग तुमचं बोट ते आपलंच काम समजतात. ते दहावे निघाले, तर दुसऱ्या बाजूला बसा.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. सांगा. संचालकांनाही सांगा, आणि पुढच्या महिन्याचे कागद आधी मिळतील का, ते विचारा. बरेच जण आनंदाने पाठवतात. वाचन यायला हवं, ही अपेक्षा अशा मंडळांत असते आणि ती रास्त आहे, नाहीतर दोन तासांत काहीच वाजून होणार नाही. पण कागद आठ दिवस आधी हातात आला तर तुमच्या कानाला तेवढे दिवस पुरतील.

हौशी या शब्दाने बिचकू नका, आणि तुम्ही तिथे उपऱ्या आहात असंही मनात आणू नका. या मंडळांची जन्मकथाच एका हरवण्याची आहे. आर्नोल्ड डॉल्मेच नावाचे वाद्यकार होते, जन्माने फ्रेंच, स्थायिक झाले सरेमधल्या हेझलमियरला. जुनं संगीत जुन्याच वाद्यांवर वाजवायचं, या ध्यासाने त्यांनी जुना एक रेकॉर्डर मिळवला होता. १९१९ मध्ये लंडनचा कार्यक्रम आटोपून परतताना वाद्यांची पिशवी वॉटर्लू स्टेशनवर राहिली. ती सांभाळायला होता त्यांचा सात वर्षांचा मुलगा कार्ल. त्या पोराच्या जिवाला काय झालं असेल, तुमच्या गाडीतल्या रडण्यावरून कल्पना करा. रेकॉर्डर गेला. मग आर्नोल्ड स्वतः घडवायला बसले, मोजमापं त्यांच्याकडे होती. घडवता घडवता जमलं. १९२५ पासून हेझलमियरला महोत्सव भरू लागला, इतरांना रेकॉर्डर मिळू लागले. तोच कार्ल मोठा होऊन त्या वाद्याचा नामांकित वादक झाला, आणि १९३७ मध्ये एडगर हंट आणि इतर काही जणांबरोबर त्याने सोसायटी ऑफ रेकॉर्डर प्लेयर्स स्थापन केली. हंट यांनी शाळाशाळांत रेकॉर्डर पोचवण्यासाठी जन्मभर खटपट केली. तुमच्या नातीच्या हातात तो आला, तो या वाटेने. आणि तिच्याकडून तुमच्याकडे. देशभरातल्या शाखांच्या मासिक बैठका तेव्हापासून अशाच भरतात: हॉल, घडीच्या खुर्च्या, स्टँड, कोणीतरी बोलावलेला संचालक, मध्ये चहा.

आणखी मागचं सांगायचं तर सॅम्युएल पेप्स. नौदलाच्या कचेरीतला अधिकारी, म्हणजे तुमच्यासारखाच हिशेब आणि फायलींचा माणूस. १६६८ मध्ये नाटकातलं वाद्यसंगीत ऐकून तो इतका हलला की दीड महिन्याच्या आत स्वतःसाठी रेकॉर्डर विकत घेऊन आला, शिकायचा म्हणून. तेव्हा तो पस्तिशीचा होता. हे सगळं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

आता घरचं. तुमची लेक 'सोड' म्हणते ती तुमचं रडणं बघवत नाही म्हणून. तिला गाडीत बसून रडणारी आई दिसते. हॉलमधली दिसत नाही. एकदा तिला शेवटची वीस मिनिटं आत येऊन बसायला सांगा. जावयांच्या रविवारबद्दल मात्र तुमचा संकोच मला पटतो. चहाच्या वेळी विचारा, तुमच्या बाजूला राहणारं कोणी आहे का, पेट्रोलचा वाटा मी देईन म्हणावं. इथे हे विचारण्यात काही गैर नाही, आणि पैसे देण्याघेण्यात तर मुळीच नाही. जाताना डबाभर काहीतरी न्या. माझ्या पातळ पोह्यांच्या चिवड्यामुळे ज्यांच्याशी ओळख झाली, त्यांच्याच गाडीतून मी आता जाते. चहा झाल्यावर कप विसळायला उभ्या राहा. अर्ध्या गप्पा तिथेच होतात, आणि कोण चांगलं ऐकतं तेही तिथेच कळतं.

पुढच्या बैठकीला दोन मऊ पेन्सिली, खोडरबर आणि कपडे वाळत घालायचे चार चिमटे घेऊन जा, दार उघडलं की कागद उडतात. पहिला तुकडा लागला की पहिल्या फेरीत नुसतं ऐका, वाजवू नका. दुसऱ्या फेरीत शिरा. आणि टेनर मिळालाच तर पहिला आठवडा रोज दहा मिनिटांच्या वर वाजवू नका, उजव्या हाताची करंगळी दुखून येते. महिन्याभराने मला कळवा, शेवटच्या सुरात तुमच्या वाट्याला काय आलं होतं ते.

तुमची,
ताई